उभं राहण्याची मिनिटं : सुट्टीच्या दिवसाच्या गरम गोडाच्या नोंदी

२९ नोव्हेंबर, शनिवार

गेल्या १ जानेवारीला घरात सगळ्यांनाच सुट्टी होती. बाहेर कडाक्याची थंडी, कुणालाच कुठे जायचं नव्हतं, आणि काहीतरी गरम गोड हवं असं सकाळपासून चाललं होतं. मी केलं. एक नाही, तीन पदार्थ केले. संध्याकाळी माझी वाटी घेऊन टेकले तेव्हा आई पेंगत होती, लेक पुस्तकात बुडाली होती आणि वाटीतलं गार झालं होतं. सगळ्यांनी आवडीने खाल्लं, याचा आनंद झालाच. पण सुट्टी त्यांची झाली, माझी झाली नाही, हे वर्षभर मनात राहिलं.

म्हणून यंदा आधीपासून तयारी. १ जानेवारीपर्यंत मिळणारे शनिवार-रविवार या कामाला द्यायचे आणि त्या दिवशी काय करायचं ते करून बघून ठरवायचं. पदार्थ गरम खायचा असावा, वाटीत घेऊन चमच्याने खाता यावा (आईच्या कवळीला कडक काही चालत नाही), आणि दूध, साखर, अंडी, लोणी, मैदा, तांदूळ, ब्रेड, सफरचंद, कोको यांपलीकडे फारसं काही लागू नये.

आणि मुख्य अट : एका पदार्थामागे मी ओट्यापाशी १५ मिनिटांपेक्षा जास्त उभी राहणार नाही. ओव्हनमध्ये दोन तास लागले तरी हरकत नाही, तेवढा वेळ मी पांघरुणात असेन. फोनवरचं स्टॉपवॉच उभी राहिले की चालू, बसले की बंद.

साधनं : छोटा ओव्हन, डिजिटल वजनकाटा, टोचायचा थर्मामीटर, काचेचं पसरट भांडं.

३० नोव्हेंबर, रविवार

सुरुवात राइस पुडिंगने. दूध १ लिटर, आखूड जाड दाण्याचा तांदूळ १०० ग्रॅम, साखर ८० ग्रॅम. गॅसवर, मंद आचेवर, जाड बुडाच्या पातेल्यात.

चव उत्तम. उभं राहणं ५२ मिनिटं.

एवढा वेळ का लागतो ते उभ्या उभ्याच कळलं. ढवळलं नाही की तांदूळ बुडाला लागतो. ढवळलं की दाणे एकमेकांवर घासतात, त्यांच्या अंगचा स्टार्च सुटून दुधात उतरतो आणि दूध दाट होतं. म्हणजे दाटपणा येतो तो आपल्या हातामुळेच. आखूड दाण्याच्या तांदळात अमायलोपेक्टिन (स्टार्चचा चिकटपणा आणणारा भाग) जास्त असतं, तो चिकट आणि मऊ शिजतो. लांब दाणा इथे कामाचा नाही, तो मोकळाच राहतो.

एक चूक झाली. साखर सुरुवातीलाच घातली. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे तांदूळ मऊ व्हायला वेळ लागतो. पुढच्या वेळी साखर निम्मा तांदूळ शिजल्यावर.

६ डिसेंबर, शनिवार

तोच पदार्थ ओव्हनमध्ये. प्रमाण तेच, भांड्याला आतून लोणी, १५० अंश सेल्सिअस, दोन तास. दूध आधी गॅसवर कडकडीत तापवून घेतलं, नाहीतर ओव्हनमध्ये ते तापण्यातच अर्धा तास जातो. पहिल्या तासात तीनदा ढवळलं, दुसऱ्या ढवळण्याच्या वेळी साखर घातली, आणि नंतरचा तास हातही लावला नाही.

उभं राहणं ७ मिनिटं. आकडा बघून मी स्टॉपवॉच पुन्हा तपासलं. बरोबर होता.

वर तपकिरी साय धरली. दुधातली प्रथिनं आणि दुधातली साखर उष्णतेने एकत्र येऊन हा रंग आणि खमंग वास तयार होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिल मैयार याने १९१२ साली अशा क्रियेचं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. गॅसवरच्या पातेल्यात हा वास कधीच येत नाही, कारण तिथे आपण साय बसूच देत नाही. म्हणजे कमी कष्टाचा पदार्थ इथे चवीलाही वरचढ निघाला. मला हे अपेक्षित नव्हतं.

आईने सगळी साय स्वतःच्या वाटीत ओढली. लेकीला साय चालत नाही. छान जमलं.

त्रुटी : अर्ध्या तासात पुडिंग इतकं घट्ट झालं की चमचा उभा राहिला. निवताना स्टार्च आणखी दाटतो. ओव्हनमधून काढताना पुडिंग थोडं पातळ, हलवलं तर डुचमळणारं हवं. तांदूळ कमी करायचा. आणि खूप गोड झालं. गरम पदार्थ जिभेला जास्त गोड लागतो, तोच गार केला की कमी गोड. आइस्क्रीमला साखर जास्त लागते ती यामुळेच. आपल्याला गरमच खायचंय, तेव्हा ८० ग्रॅमची गरज नाही.

७ डिसेंबर, रविवार

तांदूळ ८५ ग्रॅम, साखर ६० ग्रॅम, चिमूटभर मीठ, वरून किसलेलं जायफळ. ठरलं. यात आता बदल नाही.

पण आज एक गोष्ट लक्षात आली आणि मी अस्वस्थ झाले. काल भांडं घासायला मला ११ मिनिटं लागली होती. काठाला करपलेलं दूध सुटत नव्हतं. ती ११ मिनिटंही मी उभीच होते, आणि मी ती मोजलीच नव्हती. घासणं हा स्वयंपाकाचाच भाग आहे. आजपासून मोजायचं. आज भांड्याला काठापर्यंत लोणी चोपडलं, पुडिंग संपल्या संपल्या त्यात गरम पाणी ओतून ठेवलं. तासाभराने घासायला २ मिनिटं.

१३ डिसेंबर, शनिवार

आजचा दिवस कस्टर्डचा. फसला, पण आजवरच्या सगळ्या दिवसांपेक्षा जास्त शिकवून गेला.

दूध ५०० मिली, ४ अंड्यांचे पिवळे बलक, साखर ५० ग्रॅम, व्हॅनिला. बलक आणि साखर फेटली, त्यात गरम दूध हळूहळू घातलं (एकदम घातलं तर बलक जागच्या जागी शिजतो) आणि मंद आचेवर ढवळत बसले. खरं तर उभी राहिले. ८० अंशांच्या पुढे ते चमच्याच्या पाठीला चिकटायला लागलं. तेवढ्यात आईने हाक मारली, मी दोन पावलं मागे गेले, परत येऊन बघते तर थर्मामीटर ८८ वर आणि पातेल्यात बारीक बारीक गुठळ्या. ८५ च्या वर बलकातली प्रथिनं एकमेकांना घट्ट धरतात आणि पाणी बाहेर पिळून टाकतात. मऊ आणि फाटलेलं यांत जेमतेम पाच अंशांचं अंतर.

गाळून वाचवता आलं असतं, पण मला ते नको होतं. घरात माणसं असताना जो पदार्थ हाकेला ओ देऊ देत नाही, तो सुट्टीच्या दिवसाचा नाही. हे लिहून ठेवते, कारण पुढच्या वर्षी मोह होईल.

संध्याकाळी तेच मिश्रण, पण दोन अख्खी अंडी आणि दोन बलक घेऊन, छोट्या वाट्यांमध्ये ओतलं. वाट्या खोलगट ट्रेमध्ये ठेवून ट्रेमध्ये अर्ध्यापर्यंत गरम पाणी, ओव्हन १५० अंश, ४० मिनिटं. पाणी १०० अंशांच्या वर जातच नाही, शिवाय वाफ होऊन उडत राहतं म्हणून त्याहूनही खाली राहतं. वाटीला ओव्हनची पूर्ण आच लागतच नाही. मध्यभाग किंचित थरथरत असतानाच बाहेर काढलं, उरलेलं काम आतल्या उष्णतेने केलं. उभं राहणं ९ मिनिटं. मऊ, गुळगुळीत, कुठे छिद्र नाही.

१४ डिसेंबर, रविवार

कस्टर्ड पावडरकडे जरा तुच्छतेने बघायची सवय मला होती. तिची गोष्ट वाचली आणि मत बदललं. बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्डने ती १८३७ साली तयार केली, कारण त्याच्या बायकोला अंडं चालत नव्हतं. मुळात कॉर्नफ्लोअर, रंग आणि वास. एका माणसाने घरच्या माणसासाठी काढलेली वाट आहे ती.

करून बघितलं ते या दोन्हींच्या मधलं : दोन बलक आणि २ टेबलस्पून कॉर्नफ्लोअर. स्टार्च बलकातल्या प्रथिनांना एकमेकांपासून लांब ठेवतो, त्यामुळे हे कस्टर्ड उकळलं तरी फाटत नाही. नुसतं चालतं असं नाही, ते उकळायलाच हवं. हे मी नुकसान करून शिकले. पहिल्या खेपेला दाट झाल्याबरोबर उतरवलं आणि निम्मं संध्याकाळसाठी फ्रिजमध्ये ठेवलं. काढलं तर पाण्यासारखं पातळ. बलकात स्टार्च तोडणारं एक एन्झाइम असतं, ते पुरेसं तापलं नाही तर जिवंत राहतं आणि फ्रिजमध्येसुद्धा आपलं काम करत राहतं. दुसऱ्या खेपेला बुडबुडे आल्यावर एक मिनिट ढवळत उकळू दिलं. ते तसंच दाट राहिलं.

उभं राहणं १० मिनिटं, पण दहाही सलग. यादीत ठेवते, कशावर तरी ओतायला.

१७ डिसेंबर, बुधवार

ब्रेड पुडिंगसाठी ब्रेड शिळा करायला ठेवला. फ्रिजमध्ये ठेवणार होते, ठेवला नाही. ब्रेड शिळा होतो तो फक्त वाळून नाही, त्यातला स्टार्च पुन्हा आखडतो म्हणून, आणि फ्रिजच्या थंडाव्यात हे सगळ्यात लवकर होतं. मला हवाय तो वाळलेला. तुकडे करून ताटात पसरून ठेवले.

२० डिसेंबर, शनिवार

ब्रेड पुडिंग दोन भांड्यांत, निम्म्या निम्म्या प्रमाणात. एकात ताजा ब्रेड, एकात वाळलेला. पूर्ण प्रमाण असं : ब्रेड २५० ग्रॅम, दूध ६०० मिली, अंडी ३, साखर ७० ग्रॅम, मूठभर मनुका, थोडी दालचिनी. अर्धा तास भिजवलं, १६० अंशांवर ४० मिनिटं.

ताज्या ब्रेडचा लगदा झाला. त्याच्या आत आधीच पाणी होतं, दूध शिरायला जागाच नव्हती, ते खाली साचून राहिलं. वाळलेल्याने सगळं दूध प्यायलं, आतून कस्टर्डसारखं मऊ आणि वर कुरकुरीत टोकं. मध्यभागी ७८ अंश.

उभं राहणं ८ मिनिटं. आईचं म्हणणं, "अगं, हे सकाळी सकाळी मिळालं तर मी दुसरं काही मागणार नाही." हे मी आधी गांभीर्याने घेतलं नाही. रात्री घेतलं. भिजवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तर? सकाळी फक्त ओव्हनमध्ये ढकलायचं.

२१ डिसेंबर, रविवार

सफरचंदाचा क्रम्बल, म्हणजे फळावर लोणी-मैदा-साखरेचा चुरा पसरून भाजायचा. मैदा १५० ग्रॅम, लोणी ७५, साखर ७५, म्हणजे दोनास एक एक. खाली सोललेली सफरचंदं ७०० ग्रॅम, थोडा लिंबाचा रस. १८० अंश, ४० मिनिटं.

पहिला गिळगिळीत झाला. लोणी माझ्या हाताच्या उबेनेच वितळलं आणि मैद्याचा चुरा न होता गोळा झाला. दुसऱ्या वेळी फ्रिजमधलं गार लोणी घेतलं, नुसत्या बोटांच्या टोकांनी चोळलं आणि चुरा २० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवून मग पसरला. दाबला नाही. खालच्या फळाची वाफ वर यायला मोकळी वाट हवी, दाबलं की चुरा ती वाफ पिऊन ओला होतो. या वेळी कडा सोनेरी, वरचा थर खुसखुशीत.

सफरचंद आंबट आणि घट्टच हवं. ग्रॅनी स्मिथ उत्तम : ऑस्ट्रेलियात १८६८ साली मारिया ॲन स्मिथ या बाईंच्या बागेत आपोआप उगवलेल्या रोपाचं हे हिरवं सफरचंद शिजलं तरी आकार सोडत नाही आणि गोडाला आंबटपणाची जोड देतं. गोड, भुसभुशीत जातीचं सफरचंद घेतलं तर खाली साखरेचा पाक तेवढा उरतो.

आता मिनिटं. सोलणं-चिरणंच १६ मिनिटांचं काम. म्हणजे नियमाने क्रम्बल बाद. पण दुसऱ्या खेपेला मी सफरचंदं जेवणाच्या टेबलावर नेली. आई सोलत होती, मी चिरत होते. आई तिच्या लहानपणीच्या थंडीबद्दल बोलत होती, शाळेत जाताना खिशात गरम दगड ठेवायची ते मला आज पहिल्यांदा कळलं. काम संपल्यावर आम्ही दोघी तशाच आणखी अर्धा तास बसलो. स्टॉपवॉच बंद होतं, कारण मी बसलेली होते.

मग नियम नीट वाचला. मी उभं राहणं मोजायचं ठरवलं होतं, काम मोजायचं नाही. मला गेल्या वर्षी टोचलं ते काम नव्हतंच. सगळे एका खोलीत आणि मी भिंतीकडे तोंड करून दुसऱ्या खोलीत, ते टोचलं होतं. टेबलावर बसून, माणसांत केलेलं काम मोजणार नाही. क्रम्बल : उभं राहणं ६ मिनिटं.

चुरा महिनाभर फ्रीझरमध्ये राहतो. दुप्पट करून एक डबा भरून ठेवला.

२७ डिसेंबर, शनिवार

आज चॉकलेटचं पुडिंग, जे स्वतःचा सॉस स्वतः करतं. करणार होते मी, पण लेकीने (वय १२) वजनकाटा ताब्यात घेतला.

खालचं मिश्रण : मैदा १२५ ग्रॅम, साखर १००, कोको २५, बेकिंग पावडर २ टीस्पून, चिमूटभर मीठ, दूध १२० मिली, वितळलेलं लोणी ६० ग्रॅम, एक अंडं. भांड्यात पसरलं. त्यावर कोरडंच भुरभुरवायचं : साखर १०० ग्रॅम, कोको २० ग्रॅम. आणि मग त्या सगळ्यावर २५० मिली उकळतं पाणी.

इथे ती थांबली. "आई, बिघडणार हे. नक्की ओतू?"

बिघडल्यासारखंच दिसतं ते. चॉकलेटच्या डबक्यात बुडालेलं पीठ. तिला ओत म्हटलं, पण चमचा पालथा धरून त्यावर धार धरायला लावली, म्हणजे खालचं पीठ उखडत नाही. १८० अंशांवर ठेवलं आणि ती ओव्हनच्या काचेसमोर जमिनीवर उशी टाकून बसली. दहाव्या मिनिटाला कडेने पीठ वर यायला लागलं. बेकिंग पावडरच्या बुडबुड्यांनी पीठ हलकं होतं आणि वर चढतं, साखर विरघळलेलं पाणी जड असतं ते खाली उतरतं. वाटेत कोकोमधला स्टार्च शिजतो आणि त्या पाण्याचा दाट सॉस होतो. ३२ मिनिटांनी वर केक, खाली सॉस. तिचा चेहरा मी विसरणार नाही.

काळजी एवढीच : जास्त भाजू नये आणि काढल्यावर वाट बघू नये. दहा मिनिटं निववायचं आणि वाढायचं. अर्ध्या तासाने उरलेला भाग बघितला तर केकने सॉस पिऊन टाकला होता.

उभं राहणं ९ मिनिटं, तिची. माझं शून्य. पण ती मिनिटं कुणाची तरी आहेतच, म्हणून वहीत लिहिली.

२८ डिसेंबर, रविवार

निवड करायची. ओव्हन एक, त्यात भांडं एक, माणसं चार, पोटंही चारच. गेल्या वर्षीसारखं टेबल भरायचं नाही.

सकाळी ब्रेड पुडिंग, आदल्या रात्री भिजवलेलं. काल रात्री अर्धं प्रमाण भिजवून आज सकाळी भाजून बघितलं. थेट फ्रिजमधून काढल्यामुळे १५ मिनिटं जास्त लागली, बाकी उत्तम. काचेचं गार भांडं गरम ओव्हनमध्ये ठेवलं तर तडकण्याची भीती, म्हणून यासाठी धातूचा ट्रे.

दुपारी राइस पुडिंग. दोन तास ओव्हन चालू राहील तेवढा वेळ खोलीही उबदार, आणि घरभर दुधाचा, जायफळाचा वास.

संध्याकाळी चॉकलेट.

क्रम्बल फ्रीझरमध्ये राखीव. वाट्यांमधलं कस्टर्ड या वेळी नाही. गरम पाण्याचा ट्रे उचलताना दर वेळी छातीत धस्स होतं, ते त्या दिवशी नको. याचं वाईट वाटतंय, कारण चवीत ते सगळ्यांत नाजूक होतं.

३१ डिसेंबर, बुधवार

रात्री ९ : ब्रेड भिजवला, ट्रे झाकून फ्रिजमध्ये. उभं राहणं ६ मिनिटं. चॉकलेटसाठीची कोरडी सामग्री लेकीने टेबलावर बसून मोजली, दोन डब्यांत भरून चिठ्ठ्या लावल्या : "खालचं" आणि "वरचं".

१ जानेवारी, गुरुवार

८:१० ओव्हन चालू, ट्रे आत. पुन्हा पांघरुणात. (२ मिनिटं)

९:१५ ब्रेड पुडिंग. आईने खरंच दुसरं काही मागितलं नाही. ट्रे नवऱ्याने घासला. (३ मिनिटं, त्याची)

१२:३० दूध तापवून तांदळावर ओतलं, भांडं आत. (४ मिनिटं) मधली तीन ढवळणी. पहिल्या दोनांना मी उठले, तिसऱ्या वेळी मी वाचत होते तर आई न सांगता उठून ढवळून आली. (एकूण ३ मिनिटं)

२:३५ काढलं तेव्हा डुचमळत होतं, ३ वाजता वाटीत बरोबर उतरलं. साय अर्धी आईला, अर्धी मला. यंदा मी मागून घेतली.

थोडं उरलं. शिजलेला तांदूळ बाहेर ठेवायचा नसतो, तापमान उतरलं की त्यात जंतू वाढतात, म्हणून पसरट डब्यात घालून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये.

६:०० लेकीने चॉकलेट लावलं. पाणी ओतताना या वेळी थांबली नाही. (९ मिनिटं)

६:४५ वाढलं. चौघांच्याही वाट्यांतून वाफ येत होती.

एकूण २१ मिनिटं. त्यातली माझी ८.

२ जानेवारी, शुक्रवार

उरलेलं राइस पुडिंग : पाव कप दूध घालून, ढवळत, वाफा येईपर्यंत गरम. सैल झालं, चव कालच्याइतकीच. कामावर निघण्याआधी उभ्यानेच खाल्लं. ३ मिनिटं, मोजली नाहीत.